बाराव्या मार्करचा बोल्ट

खंडेनवमीला हत्यारं पुजायची तर ती आतूनही धुतलेली असावीत, असं रामलिंगचं मत. तीस वर्षं बोअरच्या मोटारी दुरुस्त केल्या, तेव्हा पान्ह्यांनासुद्धा त्यानं आंघोळ घातली होती. औसा रोडवरच्या पेंटबॉल मैदानावर फिटर म्हणून लागल्यावरही त्यानं तेच केलं. बाराच्या बारा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका, खोलले, आतले बोल्ट एका ताटात घेऊन दुधापाण्यानं धुतले, विभूती लावली, फुलं वाहिली. प्रत्येक बोल्टावर पेनानं घातलेला मार्करचा नंबर मात्र त्या दुधापाण्यात वाहून गेला.

बोल्ट म्हणजे रंगाची गोळी नळीत ढकलणारा दांडा. सहा मार्कर जुने, सहा नवे. दोन्हींचे बोल्ट दिसायला जुळे भाऊ. फक्त जुन्यांचा केसभर जाड. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रामलिंग जाडी मोजायचा व्हर्निअर लावून एकेक जोडी जमवत बसला. दुपारी दोनपर्यंत अकरा जमले. बारावा जुना मार्कर; त्याच्या बोल्टाला चीर पडलेली. बदलीसाठी मागवलेल्या पुडक्यात दोन्ही जातींचे बोल्ट मिसळून आलेले.

मालक मृत्युंजय तिघा दोस्तांना घेऊन आला. “काय काका, अजून मोजूनच राहिले? उद्या क्लासची पोरं येणार हायेत.”

“एकच राहिलाय मालक. मग मुरुडला निघतो. सप्त्याची समाप्ती हाय, चारला शरणप्पा महाराजांचं शिवकीर्तन.”

मृत्युंजयनं रामलिंगचा डबा उघडला. आत कणकेचा ओला गोळा. “हे कच्चंच खाता का काय?”

“मृदंगाला लागती. डाव्या पुडीला लावल्याबिगर घुमत न्हाई. बायकोनं सकाळीच मळून दिली.”

दोस्त हसले. वर्षभर रामलिंग त्या एका कीर्तनाची वाट पाहायचा. महाराज चालीवर चढले की मागं वळून फक्त त्याच्या बोटांकडं बघायचे, आणि मांडव डोलायचा. देवानं आपल्याला बोटं कशाला दिली, ते त्या घटकेला त्याला कळायचं.

“आण इकडं.” मृत्युंजयनं पुडक्यातला हाताला लागला तो बोल्ट मार्करमध्ये सारला. “बसला की! चला, टेस्ट.”

मैदानाचा नियम त्यानंच काढलेला: फिटरनं दुरुस्त केलेल्या मार्करची पहिली गोळी फिटरनं खायची. रामलिंग मुखवटा चढवून पाठ करायचा, दोन्ही हात काखेत दाबायचा.

“आज तोंड इकडं. हात वर.”

“मालक, बोटं…”

“हात वर म्हटलं ना!”

पहिली गोळी चार पावलांवर मेल्यागत पडली. दोस्त खिंकाळले. मृत्युंजयचे कान तापले. त्यानं वेगाचा स्क्रू आवळला, पुन्हा मारली; पुन्हा तेच. मग त्यानं स्क्रू पार शेवटपर्यंत पिळला. तिसरी गोळी रामलिंगच्या चपलेपाशी पडली.

गप्प राहिला असता तर त्या दुपारी त्याला काहीच झालं नसतं. पण चुकीचा बोल्ट घालून काम झालं म्हणणं त्याला जमणारं नव्हतं. “बोल्ट पातळ हाय मालक. हवा बाजूनं निसटायलीय. द्या इकडं.”

त्यानं पुडक्यातून एक निवडला, व्हर्निअर लावला, रबरी रिंग बोटानं चाचपली, बसवला. दांडा आत सरकला तो लोण्यात सुरी जावी तसा. खूश होऊन त्यानं स्क्रूच्या चावीसाठी हात पुढं केला. “आता स्क्रू ढिला करू द्या. आवळलेला हाय, लई जोरात जाईल.”

मृत्युंजयनं मार्कर ओढून घेतला. “जाऊ दे की. आत्ता तर मजा यायलीय. हो मागं. हात वर.”

“मालक, पाया पडतो. पाठीवर मारा.”

“हात.”

पाच पावलांवरून गोळी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांवर बसली. काडी मोडल्यागत आवाज आला. पिवळा रंग कोपरापर्यंत ओघळला.

मृत्युंजयनं मार्करकडं कौतुकानं पाहिलं. “बोल्ट मात्र झकास निवडला, काका!”

रामलिंग खाली बसला. थोड्या वेळानं डाव्या हातानं चावी शोधली आणि स्क्रू दोन आटे ढिला केला. उद्या पोरं येणार होती.

चार वाजता मुरुडच्या मांडवात मृत्युंजय पहिल्या ओळीत होता; त्या दिवसाचं अन्नदान त्याचंच. महाराजांनी त्याला नारळ दिला. मग रामलिंगच्या फडक्यानं बांधलेल्या हाताकडं पाहून विचारलं, “हे काय झालं?”

“दारात सापडला,” मृत्युंजयच बोलला. “वय झालं आता काकांचं. पुढच्या साली दुसरा वादक बघा महाराज, खर्च माझ्याकडं.”

महाराजांनी रामलिंगकडं पाहिलं. रामलिंगनं मान खाली घातली. एवढ्या माणसांत अन्नदात्याला खोटं पाडायचं धाडस त्याला झालं नाही.

नुसत्या टाळांवर कीर्तन उभं राहिलं. चाल चढली तेव्हा महाराज सवयीनं मागं वळले. मृदंग तिथंच होता. रामलिंगनं आल्या आल्या डाव्या हातानं थापलेली कणीक पुडीवर वाळून तडकली होती.