मागच्या सीटचा पट्टा

मी सीटबेल्ट बोलतोय, आणि तोसुद्धा मागच्या सीटचा! पुढच्या पट्ट्याचं बरं असतं, पोलिसाच्या धाकाने का होईना, त्याला कुणी हात तरी लावतं. आमचा उस्ताद, म्हणजे टॅक्सीवाला, पोलीस दिसला की तो पट्टा छातीवरून ओढून नुसता धरून ठेवायचा आणि चौक ओलांडला की सोडून द्यायचा. माझ्या वाट्याला तेवढं नाटकही आलं नाही.

कारखान्यात मला ताणून ताणून तपासलं, तेव्हा काय रुबाब वाटला होता! माणसांचे जीव सांभाळायचे म्हणजे काही चेष्टा नाही. पण पेरू देशातल्या आरेकिपा शहरात फोर्तुनातो काय्योच्या पिवळ्या टॅक्सीत आलो आणि सगळा रुबाब उतरला. त्याच्या बायकोने, ओर्तेन्सियाने, हौसेने सीटला लाल मखमली अभ्रे शिवले. माझं बकल अभ्र्याखाली गेलं आणि मला गादीच्या फटीत कोंबलं. तिथे सोबतीला मक्याच्या लाह्या, केसांच्या पिना आणि धूळ.

चुकून कुणी मला शोधायला लागलं, की उस्तादाचं तोंड फुगायचं. "का हो, माझ्या हातावर भरवसा नाही का?" झालं! प्रवासी ओशाळून हात मागे घ्यायचा. आमच्या गावात टॅक्सीत पट्टा मागणं म्हणजे चालवणाऱ्याचा अपमान. जीव गेला तरी चालेल, पण समोरच्याला वाईट वाटायला नको! अशा भिडेला काय म्हणावं?

मग एका दुपारी नेलिदा गाडीत बसली. बाजाराच्या दारात ती केसो हेलादो, म्हणजे आमच्याकडचं आइस्क्रीम, विकते. बर्फाने भरलेल्या लाकडी पिंपात दुधाचं भांडं हाताने गरगर फिरवत राहायचं, मग कडेला गोड दूध थराथराने गोठतं. सगळा खेळ खांद्याचा. बसल्या बसल्या तिने फटीत हात घातला.

"काय हरवलं, मावशी?"

"पट्टा."

"अहो, राहू द्या! मिसरूड फुटल्यापासून गाडी चालवतोय मी. आणि समोर तसबिरीत चापीची मेरी माउली आहे की!"

"माउलीच्या एका हातात बाळ, दुसऱ्यात मेणबत्ती. मला धरायला तिचा कुठला हात मोकळा आहे, उस्ताद?"

फोर्तुनातो खो खो हसला. "ओढा, ओढा! अभ्रा उसवला तर आमच्या बाईला तुम्हीच तोंड द्या."

"देईन की! मी काय तिला घाबरते?"

शिवण टरकन उसवली आणि मी बाहेर आलो. बकल 'खट्' वाजलं. अहाहा! जन्माला आल्यापासून पहिल्यांदा मी कुणाच्या तरी अंगावर होतो.

उताराच्या वळणावर एक व्हॅन चुकीच्या बाजूने अंगावर आली. मी जिवाच्या आकांताने आवळलो. नेलिदाच्या खांद्याचं हाड माझ्याखालीच मोडलं, त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. पण तिचं डोकं कुठे आपटलं नाही. फोर्तुनातोच्या कपाळाला मात्र चांगली खोक पडली, कारण त्याचा पट्टा त्याच्या शेजारी लोंबत होता.

प्लास्टर निघालं तरी नेलिदाचा उजवा हात वर जाईना. ऑपरेशन हवं होतं, आणि ते व्हॅनच्या विम्यातून मिळणाऱ्या भरपाईवरच होणार होतं. ते झालं नाही, तर पिंपाला कायमचा रामराम.

मोडकी टॅक्सी ज्या आवारात उभी होती, तिथे एक दिवस सगळे जमले. विम्याचा माणूस म्हणाला, "या टॅक्सींत मागचा पट्टा लावतं कोण? बाईंनी लावलाच नव्हता. भरपाई पूर्ण मिळणार नाही."

मग त्याने फोर्तुनातोला माझ्याजवळ, दाराआड घेतलं. "पट्टा दडपून ठेवला होता हे कळलं, तर तुमच्या टॅक्सीच्या परवान्यावर येईल. तुम्ही फक्त 'मी पाहिलं नाही' म्हणा."

मी मनात म्हटलं, संपलं! हा भिडस्त माणूस कसला बोलतोय?

तो मागे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "मी पाहिलंय! पट्टा मीच दडपला होता. यांनी तो उपसून काढला आणि लावला, आणि मी गाढवासारखा हसलो. परवाना घ्यायचा तर खुशाल घ्या!"

"शब्दाला काय किंमत?" विम्याचा माणूस पुटपुटला.

गाडी तपासायला आलेल्या इंजिनियर बाईंनी मला पूर्ण बाहेर ओढलं. माझी वीण ताणून विस्कटली होती आणि तिच्यात नेलिदाच्या ब्लाऊजचे निळे धागे रुतले होते. "रिकाम्या पट्ट्याची अशी दशा होत नाही," बाई म्हणाल्या, आणि विषय मिटला. नेलिदा त्याच जागी ढसाढसा रडली.

फोर्तुनातोचा परवाना काही काळ अडकला, पण गेला नाही. नेलिदाचं ऑपरेशन झालं. एकदा असा झटका खाल्लेला पट्टा पुन्हा गाडीत चालत नाही, म्हणून तिने मला मागून घेतलं. आता तिच्या हातगाडीवर मी ते पिंप घट्ट बांधून ठेवतो.

परवा फोर्तुनातो आला होता. नेलिदाने त्याच्या हातात भरलेली वाटी दिली आणि वर भुरभुरायला, उजवा हात सरळ वर नेऊन फळीवरचा दालचिनीचा डबा काढला. तो बघतच राहिला. "गार आहे हो फार," असं म्हणत गाल पुसू लागला. अजून त्याने एक चमचासुद्धा तोंडात घातला नव्हता.

माझं काय, माझं सोनं झालं. पण बाबांनो, तुम्ही मागच्या सीटवर बसाल तेव्हा जरा फटीत हात घाला. तिथे माझा एखादा भाऊ धुळीत पडून असेल. उस्ताद हसला तर हसू दे. भावाला बाहेर काढा.