सतरा प्लेटांची बॅटरी

महबूब मिस्त्रीनं मोटारीतली पायाखालची फळी उचलली आणि खालच्या लोखंडी चौकटीतून जुनी बॅटरी ओढून बाहेर काढली. तिचा एक कप्पा तडकला होता. आतलं तेजाब झिरपून चौकटीवर पांढरी बुरशी चढली होती.

"खतम झाली, सावकार," तो म्हणाला. "आता चार्ज करून बी उपेग न्हाय."

रेवणप्पा शेडच्या दारात उभे होते. उमरग्यात करडई आणि शेंगांची त्यांची अडत होती. गावात खाजगी मोटारी दोनच, त्यातली ही एक. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल कुपनावर मिळायचं, म्हणून ती बहुतेक उभीच असायची. आज मात्र ती निघायलाच हवी होती.

त्यांची मुलगी शिवगंगा दिवाळीपासून सोलापूरच्या दवाखान्यात होती. आजार छातीचा. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी रेवणप्पांना बाजूला नेऊन सांगितलं होतं, "आता हिला घरी न्या. तिच्या मनात घर आहे." रेवणप्पांनी पथ्य विचारलं, औषधं विचारली, पुन्हा तपासायला कधी आणू तेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आधी घरी तर न्या." तिला बसवत नव्हतं, त्यामुळं प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीतून आणणं शक्य नव्हतं. मागच्या सीटवर निजवून आणायची असं ठरलं. निघताना रेवणप्पा तिला म्हणाले होते, "मंगळवारी येतो, बाळ." आणि आज मंगळवार होता.

मिस्त्रीनं आतून दोन बॅटऱ्या आणून बाकड्यावर ठेवल्या. एक लहान, अकरा प्लेटांची, वापरलेली. दुसरी लांबलचक, सतरा प्लेटांची, नवीकोरी, एका लॉरीसाठी मागवलेली.

"ही धाकटी तुमच्या मापाची हाय," तो म्हणाला. चौकटीत ठेवून त्यानं ती दाखवलीही. ती अलगद बसली. "आत्ता लावतो. दुपारच्याला सोलापुरात."

"किती दिवस जाईल?"

"चार म्हैने. लई झालं तर पाच."

"आणि ती?"

"ती तीन साल बघायला नगं. पर ती बसत न्हाय, सावकार. चार बोटं लांब हाय. चौकट कापून वाढवावी लागंल, लोहाराकडं न्यावी लागंल. उद्या सकाळ उजाडंल."

ड्रायव्हर रामलिंग फडक्यानं काच पुसत होता. तो जवळ आला.

"मालक, धाकटीच लावू. ताईसाब वाट बघत असतील."

रेवणप्पांनी लहान बॅटरीवर हात ठेवला, मग काढून घेतला.

"चार महिन्यांनी ऐन पावसाळा," ते म्हणाले. "तेव्हा तिला पुन्हा तपासायला न्यायची. श्रावणात मुरूमला, मावशीकडं. गौरीला तिच्या मैत्रिणी यायच्या, त्यांना आणायला-पोचवायला मोटार लागणार. दर वेळी हीच रड करत बसू?"

"तवाची तवा बघू की," मिस्त्री म्हणाला. "लढाई संपली की नवा माल येतोय. आज एका खेपेपुरतं…"

तो मध्येच थांबला. रेवणप्पा त्याच्याकडं बघत होते.

"एका खेपेपुरतं काय?"

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि पाना उचलला.

"मोठी लाव," रेवणप्पा म्हणाले. "एका दिवसानं काय होतंय?"

दिवसभर ते शेडमध्येच बाजेवर बसून राहिले. चौकट लोहाराकडं गेली, कापली, जोडली, परत आली. तारही लांब घालावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी रामलिंगनं स्टार्टरवर पाय ठेवला आणि इंजिन धडधडून जागं झालं. रेवणप्पांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी जरा तजेला आला.

"बघ," ते म्हणाले. "आता तीन वर्षं चिंता नाही."

सोलापूरला दवाखान्याच्या व्हरांड्यात सिस्टर त्यांच्या समोर आल्या. त्यांनी आधी रेवणप्पांना खुर्चीवर बसायला लावलं.

"पहाटे गेली," त्या म्हणाल्या. "त्रास झाला नाही हो."

सिस्टर उभ्याच होत्या. काय बोलावं हे न सुचून त्या जे आठवेल ते सांगत गेल्या.

"काल सकाळीच वेणी घालून घेतली माझ्याकडून. इरकली लुगडं नेसली. आत निजायला तयारच नव्हती. बसवत नव्हतं तरी इथंच बसून होती, याच खुर्चीत. रस्त्यावर मोटार वाजली की म्हणायची, ही आमची नव्हे. दिवेलागणीला मी उचलून आत नेली."

रेवणप्पा खुर्चीवरून उठले आणि बाजूला उभे राहिले.

तिला मागच्या सीटवर निजवलं. डोकं रेवणप्पांच्या मांडीवर. नळदुर्गच्या अलीकडं करोडगिरीच्या जकात नाक्यावर मोटार बंद करावी लागली. शिपायानं आत डोकावून विचारलं, "मागं काय हाय?"

"ताईसाब हैत," रामलिंग म्हणाला. शिपाई मागं सरला.

मोटार एका दमात पुन्हा सुरू झाली. रेवणप्पांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर काढलेल्या ज्वारीची रानं मोकळी पडली होती.

जळकोट मागं पडल्यावर रामलिंग पुढं बघतच म्हणाला, "मालक, घरी अव्वांना सांगू, काल वाटंत मोटार बंद पडली. म्या सांगतो. आपला काय विलाज व्हता?"

रेवणप्पांनी लेकीचं डोकं मांडीवर नीट सावरलं.

उमरग्यात शिरले तेव्हा ऊन उतरत होतं. शिवगंगाची आई शांतम्मा उंबऱ्यापाशी उभी होती. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. दुखण्यातून उठून येणाऱ्या लेकीवरून ओवाळून टाकायला.

"कालचा शिळा झाला," ती पायरी उतरत म्हणाली. "आज नवी भाकर केली." मग मोटारीत बघून आवाज खाली आणत म्हणाली, "निजली का?"

रामलिंग दार उघडून खाली उतरला. "अव्वा, काल वाटंत मोटार…"

"मोटारीला काही झालं नव्हतं," रेवणप्पा म्हणाले. "काल तिला आणता आलं असतं. मी आणलं नाही."

शांतम्मानं त्यांच्याकडं पाहिलं, मग मांडीवरच्या चेहऱ्याकडं. रामलिंग तिच्या हातातला तांब्या घ्यायला पुढं झाला. तिनं दिला नाही.

ती मोटारीच्या दाराशी वाकली. भाकरीचा तुकडा तिनं लेकीच्या तोंडावरून ओवाळला, एकदा, दोनदा, तीनदा. पाणी ओवाळलं आणि रस्त्यावर ओतलं.

"परगावाहून आलीय," ती म्हणाली. "आत घ्या तिला."