थरलोच्या गाई आणि उकळतं काळीज

जेबेझ थरलोच्या स्वयंपाकघरात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. निम्मं मार्लकोट गाव आत कोंबलेलं, उरलेलं खिडक्यांशी दाटलेलं. चुलीवरच्या हंड्यात मेलेल्या गाईचं काळीज टाचण्या टोचून उकळत होतं. थरलोच्या धडधाकट गाई एकामागून एक उभ्या जागी कोसळत होत्या आणि त्यावर उतारा म्हणून त्याने बाजारगावाहून एलायजा क्रेक या जाणत्याला आणलं होतं.

"काळीज गाईचं, पण कळ करणी करणारणीच्या छातीत," क्रेक हंड्यावर हात नाचवत म्हणाला. "तिला राहवणार नाही. पहिली जी दार ठोठावील, ती चेटकीण. मी नाव घेत नाही, हंडाच घेईल."

मी गावच्या शाळेत शिकवते. "हंड्याला बोलता येतं, तर गाय कशाने मेली तेही विचारा," मी म्हटलं.

"बाई, तुमची पुस्तकं शाळेत ठेवा," थरलो म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. त्या गाईंवर त्याचं घर चालत होतं.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर केझाया पास्क उभी होती. तळ्याकाठी एकटी राहणारी म्हातारी विधवा, गावातल्या कितीतरी बाळंतपणांना धावून गेलेली. हातात रिकामा वाडगा.

चारी बाजूंनी हात पुढे आले आणि तिला तळ्याकडे ओढत घेऊन गेले. "चेटकीण असेल तर तरंगेल," क्रेक मागून सांगत होता.

गर्दीतून वाट काढेपर्यंत तिला पाण्यात ढकललं होतं. मी तशीच आत उतरले. "आता मलाही बुडवा," मी म्हटलं. माझ्याच हाताखाली शिकलेली ती माणसं माना खाली घालून मागे सरली.

तिला बाहेर काढून, माझ्या घरी शेकोटीपाशी बसवून मी विचारलं, "थरलोकडे कशाला गेली होतीस?"

तिचे दात वाजत होते. "लाल शालीतली एक बाई आली होती. म्हणाली, मालकिणीनं रस्सा काढून ठेवलाय, वाडगा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक गाय पडली. मी गुरांचे डॉक्टर हॅलम यांना बोलावून घेतलं. त्यांनी सगळ्यांदेखत गाईचं पोट फाडलं आणि आतला हिरवा चोथा बादलीत धुतला.

"चेटकिणीचे केस," क्रेक म्हणाला.

"यू नावाच्या झाडाची सुईसारखी पानं," हॅलम म्हणाले. "जहर असतं त्यात. मूठभर गेली तरी जनावर दगावतं. छाटलं कोणी हे झाड?"

सगळे थरलोकडे बघू लागले. तो चर्चचा विश्वस्त. चर्चच्या आवारातलं जुनं यूचं झाड त्यानेच छाटून घेतलं होतं आणि फांद्या भिंतीपलीकडे, स्वतःच्याच कुरणात टाकायला लावल्या होत्या.

मी त्याच्या बायकोला विचारलं, "काल केझायाला रस्सा न्यायला बोलावलंत?"

"नाही बाई. मी कुणालाच बोलावलं नाही."

"मग लाल शालवाली कोण होती?"

गर्दीत एकच लाल शाल होती. ती पांघरलेली क्रेकची बायको नवऱ्याकडे बघू लागली. "यांनीच पाठवलं," ती पुटपुटली. "दर गावात असंच करतात. एकटी राहणारी कोण, ते आधी मी विचारून येते."

क्रेकला पळता भुई थोडी झाली. थरलो मात्र त्याच दिवशी लोकरीचं पांघरूण घेऊन केझायाकडे गेला. ती तापाने फणफणली होती.

"त्या क्रेकनं आम्हाला फसवलं गं," तो म्हणाला.

"तो परका होता, जेबेझ," ती म्हणाली. "मला ढकलणारे हात मी ओळखत होते. त्यातले काही तर जन्मले तेव्हा मीच पुसले होते."

ती बरी झाली आणि बहिणीच्या गावी निघून गेली. परत आली नाही.

लोकहो, गाय मेली तर तिच्या पोटात काय गेलं ते बघा. दारात माणूस आलं तर ते का आलं, हे त्यालाच विचारा. यासाठी कुठलीही विद्या लागत नाही.