काठाबाहेरचा निळा

आंधळगावात माझ्या स्टुडिओच्या पाटीवर 'येथे वाइड फोटो निघतात' असं मी स्वतःच्या हाताने लाल अक्षरांत लिहिलं होतं. ही एकोणीसशे त्र्याऐंशी सालची गोष्ट. नागपूरहून आणलेली एक जाड काच कॅमेऱ्याच्या भिंगावर आट्यांनी बसवली, की दहा बाय दहाच्या खोलीतही अख्खी वरात फोटोत मावायची. त्या काचेचा मला इतका गर्व होता की जेवतानाही ती शर्टाच्या खिशात असायची. बायको म्हणायची, "तिलेही दोन घास भरवा."

एकच गोष्ट मला खटकायची आणि ती मी कुणाला सांगत नव्हतो. रंगीत फोटोच्या कडेला जी माणसं उभी असत, त्यांच्या धोतराला, टोपीला एका बाजूने तांबूस आणि दुसऱ्या बाजूने निळसर रेघ यायची. गिऱ्हाइकाने विचारलंच तर "रंगीत फिल्मची चमक हाय" असं मी ठोकून द्यायचो. लोक खूश होऊन जायचे. एका नवरदेवाच्या मामाने तर आपल्याला चमक कमी आली म्हणून भांडण केलं होतं.

त्या वर्षी आमच्या विणकर सोसायटीला नागपूरच्या प्रदर्शनाचं पत्र आलं. दर सोसायटीने एका साडीचा रंगीत फोटो पाठवायचा. ज्याची साडी निवडली जाईल, त्याने आपला माग घेऊन आठ दिवस तिथे बसायचं आणि लोकांसमोर विणून दाखवायचं. सोसायटीने मनकर्णाबाईंची करवतकाठी निवडली. हिचं अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, काठ सुती, आणि दोन्ही जिथे एकमेकांत गुंततात तिथे करवतीसारखे दाते. आडवा धागा नेणारे तीन धोटे एकामागून एक फेकावे लागतात, एकाची ओढ चुकली की दाता मोडतो. मनकर्णाबाईंचा दाता मोडलेला मी तरी पाहिला नाही.

त्यांचे यजमान वारले तेव्हा माग त्यांच्या नावावर करताना सोसायटीचे अध्यक्ष वासुदेवराव म्हणाले होते, "बाईमाणसाच्या हातानं कोसा जमंन का?" बाई मागावर जाऊन बसल्या. पुढची चार वर्षं वासुदेवरावांच्या घरच्या प्रत्येक लग्नात त्यांचीच साडी गेली.

फोटो मी काढला. स्टुडिओत जमिनीवर पांढरी चादर अंथरली, तिच्यावर साडी पसरली आणि मी टेबलावर चढलो. दोन्ही काठ आणि मधोमध पदराची पट्टी एकाच फोटोत यावी म्हणून अर्थातच काच लावली. दुसऱ्या दिवशी ती साडी गठ्ठ्यातून रायपूरच्या व्यापाऱ्याकडे गेली. आठ दिवसांनी नागपूरहून फोटो धुऊन आला आणि मी तो मोठ्या ऐटीत सोसायटीत नेला.

वासुदेवरावांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"रंग उतरला हो बाईचा," ते म्हणाले. "हे पाहा. काठाचा मरून दात्यातून अंगात शिरला. हा फोटो पाठवून का सोसायटीची अब्रू घालवू?"

तांबूस रेघ दात्यांना लागून स्पष्ट दिसत होती. माझी चमक! साडी रायपूरला, ती आणून पाहायची सोय नाही. वासुदेवरावांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, सोमवारपासून मनकर्णाबाईंना कोसा बंद, जाड सूत द्या, पंचे विणतील. फोटो त्यांच्याकडे पाठवून दिला, म्हणजे त्यांनाही कळावं. मी तिथेच बसलो होतो. तोंड उघडायचं होतं फक्त. पण पाटी आठवली, लाल अक्षरं आठवली आणि मी चहा पिऊन घरी आलो. आजही तो चहा आठवला की मला माझीच चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मनकर्णाबाई स्टुडिओत आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या दाराजवळ उजेडात बसल्या, पदराखालून फोटो काढला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची ते चादर कुठं हाय?"

"कोणती?"

"ज्याच्यावर माही साडी आंथरली होती."

मी चादर काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरली, हात हात सरकवत शेवटपर्यंत पाहिली.

"धुतली तं नाई ना?"

"नाई. काहून?"

"मंग हे पाहा." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "काठाच्या आतून तांबडं हाय, ते वासुदेवभाऊले दिसलं. पण काठाच्या बाहेरून हे निळं हाय, ते कोणाले दिसलं नाई. हे तं चादरीवर पडलं हाय. अन् चादर कोरी! माह्या रंग उकळाच्या गंजात निळा कधी पडलाच नाई. मंग हा आला कुठून?"

मी 'चमक' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्या थांबल्या नाहीत. "अन् पदराची ही पट्टी पाहा, मधातली. तोच गंज, तोच दिवस, तोच मरून. हिच्या कडेले काहीच नाई. जो रंग काठाले उतरते, तो पट्टीले काहून नाई उतरत?"

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे सोसायटीचा गेल्या पंधरा ऑगस्टचा रंगीत फोटो लावला होता. मधोमध खुर्चीवर वासुदेवराव, धोतर पांढरंशुभ्र. सगळ्यात शेवटी, फोटोच्या अगदी कडेला, मनकर्णाबाई. त्या उठल्या आणि स्वतःच्या चित्रापाशी नाक नेऊन उभ्या राहिल्या.

"माहं लुगडं पांढरं होतं, भाऊ. त्याले एकीकून लाल, एकीकून निळं. दुसऱ्या टोकाले तुलारामभाऊ हाय, त्याच्या धोतरालेही तसंच. वासुदेवभाऊले काही नाई." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "म्हंजे हा रंग माहा नाई. जो कडेले उभा राह्यला, त्यालेच लागून राहिला. तुमची काच दाखवा."

मी खिशातून काच काढून दिली. त्यांनी ती डोळ्याला लावली आणि खिडकीच्या गजांकडे पाहिलं. मान हळूहळू एकीकडे नेली, मग दुसरीकडे. काच हातातल्या हातात गोल फिरवून पुन्हा पाहिलं.

"मधात गज काळा. कडेले गेला का एकीकून लाल, एकीकून निळा. काच फिरवली तरी रंग कडेलेच राहते. घ्या, पाहा."

मी पाहिलं. अगदी तसंच होतं. दोन वर्षं मी ती काच खिशात घेऊन हिंडलो, कापडाने पुसली, बायकोशी तिच्यावरून भांडलो, पण तिच्यातून एकदाही डोळ्याने पाहिलं नव्हतं. बाईंना ती हातात येऊन पाच मिनिटं झाली होती.

"असं काहून होत असंल?" मी विचारलं. विचारणारा फोटोग्राफर, सांगणाऱ्या विणकर.

त्या विचार करत म्हणाल्या, "दोन धोटे संग फेकले अन् एकाची ओढ जास्त झाली, तं दोन धागे एका रेघेत बसत नाई. तुमची काच लाल जास्त ओढते, निळा कमी. मधात ओढच नाई, म्हून तिथं नीट. जसजसं कडेले जावं, तसतसा फरक वाढते."

पुढे काही वर्षांनी भिंगांवरचं एक पुस्तक माझ्या हाती आलं. त्यात चार पानं आणि तीन आकृत्या खर्च करून हेच सांगितलं होतं. मला आकृत्यांची गरज पडली नाही.

काच परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "काल तुमी तिथंच होते म्हणे." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी चप्पल घातली आणि त्यांच्यासोबत सोसायटीत गेलो. चादर खांद्यावर, काच हातात. वासुदेवराव कुणाशी तरी बोलत होते, त्यांना मध्येच थांबवलं.

"रंग बाईचा नाई उतरला, भाऊ. माह्या काचेचा हाय. अन् मले दोन वर्षांपासून माहीत होतं का कडेले रंग येते."

वासुदेवरावांना पटेना. मग मी काच त्यांच्या डोळ्याला लावली आणि दार काचेच्या कडेला दिसेल असं त्यांना उभं केलं. बाहेरून टपालवाले बाबुलाल सायकल टेकवून आत येत होते.

"अरे!" वासुदेवराव ओरडले. "बाबुलाल लाल-निळा होऊन राहिला!"

बाबुलाल दचकून स्वतःच्या अंगाकडे पाहू लागले. सगळे हसले. हसू ओसरल्यावर वासुदेवरावांनी काच खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग काल काहून नाई बोलला?"

"पाटी रंगवली होती ना, भाऊ."

ते मनकर्णाबाईंकडे वळून म्हणाले, "सोमवारी कोसा घेऊन जा, बाई. चुकलं माहं." वासुदेवराव असं म्हणाल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

फोटो पाठवायला चार दिवस उरले होते. मागावर नवी साडी होती, जेमतेम दीड हात विणलेली. मागाची खोली अरुंद, काच न लावता दोन्ही काठ मावेनात. मी कॅमेरा घेऊन पुढे-मागे होत घाम पुसत होतो. बाई मागाशी बसून पाहत होत्या.

"दोन्ही काठ एकाच फोटोत कायले पाहिजे?" त्या म्हणाल्या. "एक-एक काढा. दोन्ही मधात येतीन."

उजेडासाठी दाराचं फळकूट काढून ठेवलं, मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि आधी डावा काठ, मग उजवा, दोन्ही अगदी मधोमध धरून फोटो काढले. पोस्टाच्या भरवशावर न राहता रोल स्वतः एसटीने नागपूरला नेला. फोटो आले तेव्हा दाते मोजता येत होते. मरून तिथे मरून, कोसा तिथे कोसा, मध्ये काहीही नाही. मनकर्णाबाईंची निवड झाली, आठ दिवस त्या नागपुरात माग मांडून बसल्या, आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला त्यांचा माग सुरू झाला.

पाटीवरची ओळ मी खरवडून काढली.

पुढच्या पंधरा ऑगस्टला सोसायटीचा फोटो मैदानात काढला. काच नाही, त्यामुळे तीन रांगा कराव्या लागल्या आणि मला मागे मागे सरत पार बांधापर्यंत जावं लागलं. मनकर्णाबाई सवयीने शेवटच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. वासुदेवराव खुर्चीवरून उठले.

"बाई, तुमी इथं बसा. मधात."

सगळे मनकर्णाबाईंकडे पाहू लागले. त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, आता कडेले रंग लागते का?"

"नाई लागत," मी म्हणालो.

"मंग मी इथंच बरी."

फोटो धुऊन आला तेव्हा मी मधली खुर्ची पाहिलीच नाही. आधी टोक पाहिलं. लुगडं पांढरं होतं, दोन्हीकडून. त्या दिवसापासून कुठलाही फोटो हातात आला की मी तो कडेपासून पाहायला सुरुवात करतो.