कप्तानाचा तुकडा

बेबीताईंनी सत्तूर हाणला आणि बकऱ्याच्या पाठीचा तुकडा एका घावात वेगळा झाला. नेपियर टाउनातल्या त्यांच्या मटणाच्या दुकानात या तुकड्याला कप्तान म्हणतात. का म्हणतात, यावर गिऱ्हाइकांचं एकमत नाही. कुणी म्हणे छावणीतला गोरा कप्तान हाच तुकडा मागायचा, कुणी म्हणे हॉकीच्या संघाचा. पैज लावून सांगतात सगळे. सांगायला कुणाच्या बापाचं काय जातं?

मुलगा सिद्धेश गोऱ्याच्या बाजूचा. त्याने दुकानाची नवी पाटीच रंगवून आणली होती, तीवर मिशीवाला साहेब. ती ठोकायला तो शिडीवर चढला.

"उतर खाली," बेबीताई म्हणाल्या. "कप्तान बोकड होता."

सिद्धेश हसला. त्या हसल्या नाहीत. सत्तूर खाली न ठेवता त्यांनी सगळं सांगितलं.

कप्तान कळपाच्या पुढे चालायचा. त्याच्यामागे बकऱ्या निमूट कत्तलखान्यात शिरायच्या आणि तो मागच्या दाराने परत यायचा. अशा म्होरक्यावर सुरी चालवायची नाही, हा घराण्याचा नेम. तो बेबीताईंच्या हातून भाकरी खायचा. एका दुपारी सिद्धेशचे वडील शांताराम दारूच्या नशेत बेबीताईंना लाकडाने झोडपत होते. बोकडाने दावं तोडलं आणि शांतारामांना धडक देऊन आडवं पाडलं. शांताराम उठले ते सुरी घेऊनच. बोकडाचे पाय धरायला त्यांनी बेबीताईंनाच बसवलं. पकड सुटली म्हणून सत्तुराच्या तुंब्याने, बोथट बाजूने, बेबीताईंचं मनगट फोडलं. बोकडाचं रक्त उंबऱ्याबाहेर गेलं. मग पाठीचा तुकडा आकड्याला लटकवून त्यांनी पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, हा कप्तान. नाव पडलं ते पडलंच.

"तू पोटात होता तेव्हा," बेबीताई म्हणाल्या. "तो मधे आला नसता तर तू नसता."

सिद्धेश शिडीवरून उतरला. "एवढी वर्षं काहून नाही बोलली, आई?"

"विचारलं कोणी? सगळे मलाच सांगून राहिले होते."

त्याने पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. तेवढ्यात एक स्कूटर थांबली.

"आधा किलो कप्तान देना, दीदी."

सिद्धेशने आईच्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं. मग तोच पुढे झाला.

"कप्तान नहीं है, भैया. पीठ का मटन है."

बेबीताईंनी सत्तूर धुतला आणि पाठ तोडायला घेतली.