अंबूबाईंचं माक्याचं तेल

फौजेतून रिटायर झालेल्या हवालदार नाथाजींनी ओढ्याकाठच्या दगडावर माका ठेचला, हिरवा रस ओंजळीत पिळला आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून सगळाच्या सगळा डोक्यावर चोपडला. मग दुसरी मूठ उपटली. ओल्या बांधाला पांढऱ्या बारीक फुलांचा माका मातला होता, तेवढं एक बरं होतं.

दहा वाजता नात क्रांती मोबाइल घेऊन येणार होती. तालुक्याच्या प्रदर्शनात बचत गटातर्फे त्यांच्या बायकोच्या, अंबूबाईंच्या, माक्याच्या तेलाचा स्टॉल लागायचा होता आणि जाहिरातीच्या व्हिडिओत नाथाजींचं डोकं दाखवायचं होतं. अगदी जवळून, भांग पाडून. अडुसष्टाव्या वर्षी असे काळेभोर केस पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचे नव्हते, आणि ती अंबूबाईंच्या तेलाची करामत आहे हे शेंबडं पोरही सांगत असे. करामत पाटणच्या गुंडा नावाच्या सलूनवाल्याच्या कलपाची होती, हे फक्त गुंडाला आणि नाथाजींना माहीत होतं.

गेली सव्वीस वर्षं नाथाजी दर तीन आठवड्यांनी 'हयातीच्या दाखल्या'साठी पाटणला जात. आपण जिवंत आहोत हे सरकारला इतक्या वेळा पटवून देणारा पेन्शनर अख्ख्या जिल्ह्यात सापडला नसता. पण आता नेमका गुंडाचा चुलता वारला, सुतक लागलं आणि सलूनला कुलूप. भांगात बोटभर पांढरं दिसायला लागलं. दुसऱ्या सलूनमध्ये जावं, तर तिथे तोंड बंद ठेवणारा माणूस मिळायचा कुठून? गावातल्या दुकानातून कलपाचं पाकीट आणावं, तर दुकान अंबूबाईंच्या भाचीचं.

रात्रभर तळमळल्यावर पहाटे त्यांना सुचलं. तेलासाठी माक्याचा रस काढला की अंबूबाईंचे तळहात चार-चार दिवस काळे राहतात. तळहात काळे होतात, तर केस का होऊ नयेत? फौजेतल्या माणसाला हे अगदी बिनतोड वाटलं.

ते घरी पोचले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं आणि रस वाळला होता.

"आबा! तोंडाला काय झालं?" क्रांती ओरडली.

बचत गटाच्या शालूबाई रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"आगं बया! अंबे, भाईर ये! तुझ्या दाल्ल्याला कुणी डांबरात बुडवला बग!"

नाथाजींनी खिडकीच्या काचेत पाहिलं. कपाळ, कान, मान, टाळू, सगळं काळंनिळं झालं होतं. केसांची मुळं तेवढी जिथल्या तिथे पांढरी होती, आणि काळ्या टाळूवर ती आता दुरूनही दिसत होती.

अंबूबाई बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याची हनुवटी धरून डोकं खाली वाकवलं, बोटांनी केस बाजूला केले आणि बराच वेळ पाहिलं. नाथाजी सावधानमध्ये उभे.

"चला न्हाणीत," त्या म्हणाल्या.

न्हाणीत त्यांनी साबण लावून घासायला सुरुवात केली. फेस काळा झाला, नाथाजी होते तसेच राहिले.

"कलप?"

"व्हय."

"रिटायर झाल्यापासनं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आवं, हयातीचा दाखला वर्साला एकदाच लागतो. आन् उशीच्या खोळी कोन धुतंय ह्या घरात?"

नाथाजी गारच पडले. सव्वीस वर्षांची एवढी चोख कामगिरी, आणि तिची खबर पहिल्या धुण्यालाच लागलेली!

"मग बोलली का न्हाईस?"

"आदी तुमी सांगा. कशापायी केलं? गावात मिरवायला?"

"न्हाई गं." नाथाजींनी डोळ्यांतला साबण पुसला. "पैल्या वर्सी तूच म्हनलीस, वरीसभर लावून बगू, केस न्हाई काळं झालं तर सोडून देऊ ह्यो नाद. दर आयतवारी दुपारभर डोकं चोळून द्यायचीस. फौजेत इतकी वर्सं काढली, मायेनं कुणी डोक्याला हात लावला न्हवता. मला लय भ्या वाटलं. म्हनलं, बंद करशील."

अंबूबाईंचा हात थांबला. त्यांना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. दोन्ही त्यांनी पदरात कोंबलं आणि तांब्याभर पाणी नवऱ्याच्या डोक्यावर जरा जोरातच ओतलं.

बाहेर येऊन त्यांनी अंगणात पाट मांडला, त्यावर नाथाजींना बसवलं आणि तेलाची बाटली उघडली.

"चालू कर गं तुजा मोबाइल."

"आजी, अशा अवतारात? आबांचे केस तरी बघ."

"चालू कर म्हनते न्हवं!"

"स्टॉलचं वाटोळं झालं," म्हणत शालूबाई मटकन खाली बसल्या.

क्रांतीने मोबाइल धरला, घसा साफ केला आणि पाठ केलेला प्रश्न विचारला.

"आजी, या तेलानं केस किती दिवसांत काळे होतात?"

"होत न्हाईत."

"काय?"

"सव्वीस वर्सं बगतीय. एक बी झाला न्हाई."

शालूबाईंनी कपाळाला हात लावला. क्रांतीला पुढचा प्रश्न आठवेना.

"मग... मग हे तेल कशासाठी?"

अंबूबाईंची बोटं तोवर कानामागे पोचली होती. नाथाजींचे डोळे मिटले होते आणि काळीकुट्ट मान हळूहळू बायकोच्या गुडघ्याकडे कलत होती.

"चोळायला," अंबूबाई म्हणाल्या.