शेवटून फाडलेली पानं

मी सूची बोलतेय. पुस्तकाच्या अगदी शेवटी, मागच्या कव्हराला टेकून जिची वस्ती असते, ती. माझी थोरली बहीण अनुक्रमणिका पुढच्या दारात बसते. येणारा-जाणारा तिला विचारूनच आत शिरतो. मी परसदारची. मला कुणी विचारत नाही.

पण खरं सांगू? अनुक्रमणिका गाव दाखवते, घर मी दाखवते. 'पोटाचे आजार' एवढं सांगून ती मोकळी होते. त्यातलं नेमकं दुखणं कुठल्या पानावर, हे माझ्याकडे असतं.

माझं पुस्तक गुराढोरांच्या आजारांवरचं. लिहिणारे सुहास डॉक्टर. पवनानगरच्या बाजूला त्यांनी जन्मभर जनावरं तपासली. प्रकाशक म्हणाले, "सूचीत आजारांची नावं घालू." डॉक्टर म्हणाले, "दारात येणारा माणूस आजाराचं नाव घेऊन येत नाही हो. म्हैस उठत नाही म्हणतो, शेळीनं काय खाल्लं ते सांगतो. तेच शब्द घाला." म्हणून माझ्यात 'उठत नाही' आहे, 'चारा सोडला' आहे, 'पीठ खाल्लं' आहे. याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

पुढे डॉक्टर वारले. उरलेल्या प्रती रद्दीत निघाल्या आणि मी भुशी धरणावर आले, चंपाच्या भज्यांच्या गाडीवर.

चंपा मनानं लोण्यासारखी, पण कागदाच्या बाबतीत कसाई. तिची रीत ठरलेली, पुस्तक फाडायचं ते शेवटून. "म्होरं कायतरी वाचण्यासारकं असतंय, मागं नुसती नावं," असं ती म्हणायची. म्हणजे पहिला बळी माझाच! 'ह' गेला, 'स' गेला, 'व' गेला. कांदाभज्यांखाली माझी अक्षरं धरणाच्या पायऱ्यांवर पांगली. 'साप चावला' ही नोंद कुणा पाहुण्याच्या मोटारीतून निघून गेली. ज्या पानाकडे ती बोट दाखवत होती, ते मात्र इथंच राहिलं. फार वाईट वाटलं मला.

माणसांची एक खोड मात्र मला आवडते. भजी संपली की ती हातातला कागद वाचतात. घरात पुस्तकाला हात न लावणारा माणूससुद्धा तेलकट कागद उलटसुलट करून पाहतो.

एका रविवारी गर्दी ऐन भरात होती. गाडीमागे चंपाची शेळी बांधलेली असायची, काळी तिचं नाव. आई मेलेलं ते करडू चंपानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्या दिवशी काळीनं दोर सोडवला आणि बेसनाच्या पोत्यात तोंड घातलं. कुणाच्या ध्यानात येईपर्यंत ती पोटभर हादडून बसली होती. थोड्या वेळानं तिचं पोट टम्म फुगलं. मान टाकून ती दात खाऊ लागली.

चंपानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लोणावळ्याहून निघाले आणि गाड्यांच्या रांगेत अडकले. चंपानं पाण्याची बादली काळीपुढे ओढली.

"पाणी पाजते, चाँदभाई. पीठ खाली उतरंल. माजं लेकरू मरतंय वो!"

चाँदभाई शेजारचे चहावाले. त्यांच्या हातात भज्यांचा कागद होता आणि त्या कागदावर होते मी, नुकतंच फाडलेलं 'प'चं पान.

"थांब चंपा, थांब! हितं लिवलंय बघ. पीठ खाल्लं, पान सत्तेचाळीस. ह्ये पुस्तक कुटंय?"

पुस्तक गल्ल्याखाली होतं. मी आधी मार खाल्ला होता, म्हणून सत्तेचाळिसावं पान अजून जागेवर होतं. चंपानं मोठ्यानं वाचलं, "पोटभर पाणी पाजू नये. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून थोडा थोडा द्यावा. शेळी चालती ठेवावी. डॉक्टरांना बोलवावेच."

"सोडा? अगं बया, सोडा तर माज्या डब्यातच हाय!"

चाँदभाईंनी जबडा धरला, चंपानं सोडा पाजला. मग दोघं काळीला गाडीभोवती फिरवत राहिले. गिऱ्हाइकं भज्यांसाठी ओरडत होती. त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. डॉक्टर पोचले तेव्हा काळी ढेकर देत होती. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि पुढ्यातली भरलेली बादली पाहून म्हणाले, "हे पाजलं नाहीत ते बरं केलंत."

आता मी गल्ल्याखाली नाही, देवाच्या फोटोशेजारी आहे. 'प'चं पान भाताच्या खळीनं परत चिकटवलंय. तेलानं ते असं पारदर्शक झालंय, की पलीकडचं अक्षरही दिसतं. फाडायला दुसरी रद्दी आलीय. त्या बिचारीच्या सूचीला माझा एकच निरोप: कुणाच्या तरी हातात वाचली जा.

आणि माझी हरवलेली अक्षरं? चंपा सवडीनं पुस्तक वाचते आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या शब्दांत नोंदी करते. 'साप चावला' परत आलंय. पण तिनं लिहिलेली पहिली नोंद वेगळीच होती. सुहास डॉक्टर असते तर त्यांनी ती डोळ्यांशी धरली असती.

'माजी काळी : पान सत्तेचाळीस.'